हळदीचा डाग लाल का होतो? एका प्रश्नावरून विज्ञानाचा तास कसा उभा करावा

शनिवारच्या तासाला सहावीतली एक मुलगी शाळेचा पांढरा शर्ट पिशवीत घालून घेऊन आली. खिशापाशी वरणाचा पिवळा डाग. "ताई, आईनं याला साबण लावला तर हा लाल झाला. पाण्यात खळबळला की परत पिवळा. आई म्हणते, असंच असतं."

असंच असतं, हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय. मला उत्तर माहीत होतं आणि ते एका वाक्यात देता आलं असतं. पूर्वी मी तसंच करायचे. एका वर्गात अशाच एका प्रश्नावर मी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या, मुलांनी त्या उतरवून घेतल्या, आणि पुढच्या शनिवारी त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ज्यानं प्रश्न विचारला होता त्यानंही नाही. प्रश्न त्याचा होता, उत्तर माझं झालं, आणि तिथेच ते मिटलं.

त्या शर्टावर मात्र आम्ही पुढचे चार शनिवार घालवले. त्यात काय केलं ते इथे क्रमानं लिहिते आहे. नुकतेच शिकवायला लागलेले शिक्षक, सुट्टीत गावात विज्ञान शिबिर घेणारी मुलंमुली आणि घरात दिवसभर "का?" झेलणारे आईबाबा, अशा सगळ्यांना हे जमेल. प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघर आणि मोरी पुरते.

पहिली पायरी: प्रश्न मुलाच्या शब्दांत लिहून घ्या

एक दोनशे पानी वही घ्या. तिला आम्ही प्रश्नवही म्हणतो. मूल जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहायचं. "हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो आणि परत पिवळा का होतो" हे असंच्या असं उतरवा. त्याचं "आम्लारीचा हळदीवरील परिणाम" करू नका. तसं केलंत की मुलाला स्वतःचा प्रश्न ओळखू येत नाही. आणि बघा, या मुलीच्या प्रश्नातला खरा ऐवज त्या "परत पिवळा"मध्ये होता. पुस्तकी भाषेत तो हमखास गळाला असता.

जयंत नारळीकर सरांची एक पद्धत मला फार मोलाची वाटते. मुलं सही मागायला आली की ते म्हणत, सही देणार नाही. घरी जाऊन मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन आणि त्याखाली सही असेल. आणि ते खरोखर उत्तरं पाठवत. पुण्यात १९८८ साली उभ्या राहिलेल्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेचे संस्थापक संचालक, जगभर नाव असलेले खगोलशास्त्रज्ञ, शाळकरी पोराच्या पोस्टकार्डाला वेळ देत होते. पोस्टकार्ड लिहायचं तर प्रश्न नीट मांडावा लागतो, पत्ता घालावा लागतो, टपालात टाकावं लागतं. एवढी खटपट केल्यावर तो प्रश्न सहजासहजी विसरला जात नाही. प्रश्नवहीचं काम तेच आहे.

दुसरी पायरी: थांबा

ही सगळ्यात अवघड. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधिकेनं १९७०च्या आसपास वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात. मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात, आणि मुलं आपणहून प्रश्न विचारतात. तीन सेकंद म्हणजे किती, ते मनात "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणून बघा. वर्गात ते फार लांब वाटतात. तरी थांबा.

थांबल्यावर काय बोलायचं? नवखी माणसं "तुला काय वाटतं?" असं विचारतात. हेतू चांगला असतो, पण मुलाला ती तोंडी परीक्षा वाटते, कारण त्याला ठाऊक असतं की उत्तर तुमच्याकडे आहे. त्याऐवजी विचारा, "तू नक्की काय पाहिलंस?" पाहिलेलं सांगताना चुकायची भीती नसते. त्या मुलीला मी विचारलं, "साबण लावल्या लावल्या लाल झाला की थोड्या वेळानं? सगळा डाग झाला की कडेचा?" तिला हे नीट आठवेना. तेव्हा तिनंच कोपऱ्यातला साबण उचलला आणि शर्टावर घासून बघितलं. तास तिथून सुरू झाला.

तिसरी पायरी: "का"चं "काय केलं तर" करा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. "डाग लाल का होतो?" हा प्रश्न मुलाच्या हातात काहीच देत नाही. तो थेट मोठ्या माणसाकडे किंवा मोबाइलकडे जातो. "दुसरा साबण लावला तर?" हा प्रश्न मुलाला मोरीकडे पळवतो. "का" टाकून द्यायचा नाही, तो वहीत राहतोच. फक्त त्याच्यापर्यंत पोचायची वाट "काय केलं तर"मधून जाते.

मुलांना गोल बसवा आणि सांगा, या डागाशी काय काय करून बघता येईल ते सांगा, कितीही वेडं असलं तरी चालेल. कुणाचंही खोडू नका, सगळं लिहा. आमच्या वहीत त्या दिवशी हे आलं: अंगाचा साबण लावला तर? शॅम्पू? गरम पाणी? लिंबू लावल्यावर जाईल का? साबण न लावता नुसतं घासलं तर? हळदीऐवजी कुंकवाचा डाग असेल तर? लाल झालेल्यावर परत हळद टाकली तर?

मग एक मुलगा म्हणाला, "माझा पाय मुरगळला होता तेव्हा आजीनं हळद-चुन्याचा लेप लावला होता, तोपण लाल झालेला." खोलीत एकदम कलकलाट झाला. चुन्यात साबण नसतो, मग तिथे लाल का? अशी जोडणी मी कधीच शिकवू शकले नसते. पूर्वी कुंकूसुद्धा हळदीपासूनच, त्यात चुना किंवा टाकणखार मिसळून करत, हे मी फक्त तेव्हा सांगितलं, कारण आता त्याला जागा होती.

एक सावधगिरी. ज्या प्रश्नाचं उत्तर "हो" किंवा "नाही" एवढ्यावर संपतं, तो लवकर विझतो. "हळद साबणानं लाल होते ना?" यात पुढे काही उरत नाही. "कशाकशानं लाल होते?" यात आठवडाभराचं काम आहे. तुमच्या तोंडून कुठला प्रश्न जातोय, हे पहिले काही तास कान देऊन ऐका. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून घरी ऐकलंत तर आणखी बरं.

चौथी पायरी: हळदीचे कागद करा

प्रत्येक वेळी शर्टावर डाग पाडता येत नाही. म्हणून कागदी पट्ट्या करायच्या. लागेल ते असं: घरातली हळद, पातळ सॅनिटायझर किंवा पाणी, टिपकागद किंवा कॉफी गाळायचा कागद (नसेल तर जुन्या वहीचा कोरा कागद), एक ब्रश किंवा कापसाचा बोळा.

एका वाटीत चमचाभर हळद घ्या. त्यात चार-पाच चमचे पाणी घालून ढवळा आणि कागदावर लावा. कागद पिवळा होईल, पण रांगोळीसारखे कण दिसतील. आता दुसऱ्या वाटीत तीच हळद सॅनिटायझरमध्ये मिसळा, दहा मिनिटं ठेवा आणि वरचा स्वच्छ पिवळा द्रव लावा. हा कागद एकसारखा रंगतो. हे दोन्ही मुद्दाम करायला लावा. हळदीचा रंग, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; सॅनिटायझरमधल्या स्पिरिटमध्ये आणि तेलात विरघळतो. वरणाचा डाग नुसत्या पाण्यानं का जात नाही, याचं अर्धं उत्तर या दोन वाट्यांमध्ये आहे. मुलांना ते आपणहून दिसतं, सांगावं लागत नाही.

कागद सावलीत वाळवा आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. पट्ट्या वहीत घालून अंधारात ठेवा. का, ते पुढे येईल.

सॅनिटायझर पेट घेतो, म्हणून गॅस आणि उदबत्तीपासून लांब. चुना मुलांच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. मोठ्या माणसानं आदल्या दिवशी चमचाभर चुना पाण्यात कालवून ठेवावा आणि वरची निवळी वापरायला द्यावी. धुण्याच्या सोड्याला ओल्या हातानं हात लावायचा नाही. आणि चव कशाचीही घ्यायची नाही, लिंबाचीसुद्धा, कारण एकदा सवय लागली की मूल वाटी बघत नाही.

पाचवी पायरी: आधी अंदाज, मग थेंब

वाट्यांमध्ये मुलांनी घरून आणलेलं ठेवा: लिंबाचा रस, चिंचेचं पाणी, ताक, साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, कपड्याच्या साबणाचं पाणी, शॅम्पू, खाण्याचा सोडा, पापडखार, चुलीतली राख कालवून गाळलेलं पाणी, चुन्याची निवळी. प्रत्येकानं वहीत आधी अंदाज लिहायचा: लाल, पिवळा, की दुसराच काही. शाईनं. मग थेंब टाकायचा.

अंदाज आधी लिहून घेण्यामागं कारण आहे. न लिहिता थेंब टाकला की सगळीच म्हणतात, "मला माहीतच होतं." लिहिलेला अंदाज चुकला की मूल क्षणभर गप्प होतं आणि वाकून कागदाकडे बघतं. मी हे शिकवणं सोडत नाही त्याचं कारण तो क्षण आहे.

आमच्याकडे सगळ्यात जास्त अंदाज शॅम्पूचे चुकले. फेस येतो म्हणजे तो साबणच, म्हणून बहुतेकांनी लाल लिहिलं होतं. एका शॅम्पूनं पट्टी पिवळीच राहिली. मुलं म्हणाली, कागद खराब आहे. दुसरा कागद घेतला, तेच. मग त्यांनी प्रत्येकाच्या घरच्या शॅम्पूची पुडी मागवली. उलट राखेच्या पाण्यानं पट्टी झटकन लालसर तपकिरी झाली. राखेत साबण नाही, फेस नाही, तरी लाल. "म्हणून आजी राखेनं भांडी घासायची का?" हा प्रश्न तिथे आला आणि वहीत गेला.

खाण्याच्या सोड्यावर भांडण झालं. एक गट म्हणाला नारिंगी, दुसरा म्हणाला पिवळाच. अशा वेळी पंच होऊ नका. "दोघं बरोबर असाल तर कसं?" एवढंच विचारा. कुणी जास्त सोडा घातला होता, कुणी कमी; कुणाच्या कागदावर हळद पातळ होती. मग त्यांनीच ठरवलं, सगळ्यांनी एक कप पाण्यात एकच चमचा घालायचा आणि एकाच कागदाच्या पट्ट्या वापरायच्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा विज्ञानातला नियम त्यांनी भांडण मिटवायला शोधून काढला. फळ्यावर लिहून देऊन तो इतका पक्का झाला नसता.

लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळायला विसरू नका. ती पुन्हा पिवळी होते. तिथे त्या मुलीला तिचा "परत पिवळा" सापडला: पाण्यात खळबळल्यावर साबण निघून जातो, म्हणून रंग माघारी येतो.

सहावी पायरी: नावं शेवटी

आता, आणि आताच, सांगा की ज्यांनी हळद लाल झाली त्यांना पाठ्यपुस्तकात आम्लारी म्हणतात, आणि हळदीसारख्या रंग बदलून सांगणाऱ्या पदार्थाला दर्शक. आपल्याकडे बहुधा उलट क्रम असतो: व्याख्या, मग प्रयोग, मग "सिद्ध झाले". नावं वाईट नाहीत. पण मुलाकडे एका बाजूला लाल पट्ट्यांचा आणि दुसऱ्या बाजूला पिवळ्या पट्ट्यांचा ढीग असताना नाव आलं, तर ते त्या ढिगाला चिकटतं.

मोबाइलचंही तेच. शोधून वाचायला हरकत नाही, पण पट्ट्या करून झाल्यावर. आधी वाचलं की मूल थेंबाकडे बघतच नाही, वाचलेलं दिसतंय का एवढंच बघतं.

ढीग बघून एका मुलीनं म्हटलं, "लिंबू पण पिवळं आणि साधं पाणी पण पिवळं. मग हळदीला लिंबू कळतच नाही?" बरोबर. हळद एकाच बाजूचं, आम्लारीचं, सांगते; लिंबासारखं आम्ल तिला कळत नाही. मग दुसरा दर्शक शोधावा लागतो, आणि तो अंगणात असतो: लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा, त्या पाण्यात लिंबू पिळलं की ते गडद गुलाबी होतं आणि सोडा घातला की हिरवट. यात मी जास्त शिरत नाही. तुमच्या मुलांना आपण होऊन तिकडे जाऊ द्या.

हातानं न सुटणारे प्रश्न

वहीत सगळेच प्रश्न थेंबानं सुटणारे नसतात. काहींना तारीख असते. "दुपारी बाराला माझी सावली पायाखाली का जात नाही?" असं कुणी विचारलं, तर मे महिन्याची वाट बघा. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते, तो शून्य सावलीचा दिवस. महाराष्ट्रात तो दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो: कोल्हापुरात ६-७ मे, पुण्यात १३-१४ मे, नागपुरात २६ मेच्या आसपास. आणि तोही घड्याळाच्या बाराला नाही. पुण्यात साडेबाराच्या सुमारास, नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. सूर्य दक्षिणेकडे परतताना जुलै-ऑगस्टमध्ये हा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं.

काही प्रश्नांचं उत्तर तुम्हालाही येत नसतं. "मला माहीत नाही, शोधू या" हे स्पष्ट म्हणा. त्यानं तुमचा मान कमी होत नाही. आणि एखादा प्रश्न खुळा वाटला तर टांझानियातल्या एरास्टो म्पेंबाची आठवण ठेवा. १९६३ साली शाळेत आईस्क्रीम करताना फ्रीझरमधली जागा जाईल म्हणून त्यानं उकळलेलं दूध गार न करताच आत ठेवलं, आणि दुसऱ्या मुलानं न उकळताच ठेवलेल्या दुधापेक्षा त्याचंच लवकर गोठलं. शिक्षकांनी सांगितलं, तुझा घोटाळा झाला असेल. पुढच्या शाळेत तर हे "म्पेंबाचं भौतिकशास्त्र" म्हणून चेष्टा झाली. मग डेनिस ऑस्बोर्न नावाचे प्राध्यापक शाळेत व्याख्यानाला आले, तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर तोच प्रश्न विचारला. मुलं हसली. ऑस्बोर्न यांनी परत गेल्यावर तो प्रयोग करवून बघितला, आणि १९६९ साली दोघांच्या नावानं शोधनिबंध आला. असं खरंच घडतं का, आणि घडलं तर नेमकं कशामुळे, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. तो निबंध निघाला, कारण ऑस्बोर्न हसले नाहीत.

चाळीस मुलांचा वर्ग असेल तर

पाच-पाचाचे आठ गट करा, प्रत्येकाला सहा पट्ट्या आणि सहा वाट्या. वाट्यांऐवजी औषधाच्या बाटल्यांची झाकणं धुऊन वापरा, थेंबच लागतात. आठवड्यातून एक तास काढा, अभ्यासक्रम मागे पडत नाही. आम्ल-आम्लारीचा धडा असाही घ्यायचाच असतो. आवाज होईल. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.

शेवटचा शनिवार

चौथ्या आठवड्यात ती मुलगी पुन्हा शर्ट घेऊन आली. डाग जवळजवळ गेला होता. "आईनं उन्हात वाळत घातला. आई म्हणते, हळदीचा डाग उन्हात जातो." म्हणजे आईला पूर्वीपासून माहीत होतं, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं. हळदीच्या पट्ट्या अंधारात ठेवायच्या त्या यासाठीच.

वहीत प्रश्न पडले: ऊन म्हणजे उजेड की उष्णता? मुलींनी पांढऱ्या कापडावर हळदीचे डाग पाडले आणि तीन तुकडे केले. एक पत्र्यावर उघडा, एक सावलीत दोरीवर, आणि एक बंद पत्र्याच्या डब्यात घालून तो डबा उन्हात. डबा हात लावता येणार नाही इतका तापला. चार दिवसांनी उघड्या तुकड्यावरचा डाग पुसट झाला होता, डब्यातला होता तसाच पिवळाजर्द.

डबा बंद करून ठेवत असताना त्यांतलीच एक म्हणाली, "ताई, काचेच्या बरणीत ठेवला असता तर?" मी वही तिच्याकडे सरकवली.